एवढी माणसे कुठून मिळतात?
रवांडातील वंशसंहार : कारणे आणि माणसांवरील परिणाम

काही वर्षांपूर्वी वर्गात दुसऱ्या महायुद्धाविषयी बोलत होतो. हिटलरच्या छळछावण्या, विषारी वायूच्या कोठड्या, साठ लाख ज्यूंची हत्या असे सारे सांगून झाले. मागच्या बाकावर बसणारी, वसतिगृहात राहणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, एवढी माणसं मारायची म्हणजे मारणारीसुद्धा खूप लागणार. ती कुठून मिळाली?" मी जर्मन राज्ययंत्रणा, नाझी पक्ष, रेल्वे, हुकूमशाही यांबद्दल चार वाक्ये बोललो आणि तेवढ्यात घंटा झाली. मुलीने माणसांविषयी विचारले होते आणि मी यंत्रणेविषयी उत्तर दिले होते, हे वर्गाबाहेर पडताना माझ्या ध्यानात आले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इतिहासाशी संबंधित लेख मागितला, तेव्हा ती राहून गेलेली बाकी फेडावी असे ठरवले.

उत्तरासाठी मी जर्मनीऐवजी आफ्रिकेतील रवांडा हा देश निवडत आहे. तेथे वायूच्या कोठड्या नव्हत्या, माणसे कोंबून नेणाऱ्या आगगाड्याही नव्हत्या. सैनिकांजवळ बंदुका व हातबाँब होते; पण हत्येचे सर्रास वापरले गेलेले साधन म्हणजे शेतकऱ्याच्या घरी असतो तो कोयता. मारणाऱ्यांत सैनिक होते, पक्षाचे प्रशिक्षित टोळीवाले होते, आणि त्यांच्याबरोबर लाखो साधे शेजारीही होते. ७ एप्रिल १९९४ पासून जुलैच्या मध्यापर्यंत, सुमारे १०० दिवसांत, अभ्यासकांच्या वेगवेगळ्या अंदाजांनुसार पाच ते आठ लाख माणसे मारली गेली. रवांडा सरकारची गणना दहा लाखांच्या वर जाते. सर्वांत कमी आकडा धरला तरी दिवसाला पाच हजार माणसे होतात.

येथे एक कबुली देतो. त्या वर्षी मी एम.ए.च्या शेवटच्या परीक्षेची तयारी करीत होतो. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता आणि त्या आनंदात आम्ही पुढचे कितीतरी महिने होतो. एप्रिल-मेच्या वर्तमानपत्रांत रवांडाच्या बातम्या येत होत्या. इतिहासाचा विद्यार्थी असूनही मी 'आफ्रिकेतील टोळीयुद्ध' हे शब्द वाचून पान उलटले. हे शब्द किती खोटे होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आधी संज्ञेविषयी थोडे. नरसंहार म्हणजे मोठ्या संख्येने माणसे मारणे. वंशसंहाराचा अर्थ त्याहून नेमका आहे. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये त्यासाठी नवा शब्द घडवला. त्याचे स्वतःचे बहुतेक सारे कुटुंब नाझींच्या हातून संपले होते. १९४६ मध्ये हा आंतरराष्ट्रीय गुन्हा मानावा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे आला. तो मांडणाऱ्या तीन देशांत क्यूबा व पनामा यांच्यासमवेत भारत होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी करार संमत झाला. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूहाचा, तो समूह म्हणून, संपूर्ण अथवा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये म्हणजे वंशसंहार. त्यात हत्या तर येतेच. गंभीर शारीरिक-मानसिक इजा, जगणे अशक्य होईल अशी परिस्थिती लादणे, जन्म रोखणे आणि मुले हिसकावून दुसऱ्या समूहात नेणे हेही येते. कळीचा शब्द आहे 'हेतू'. हा शब्द सैलपणे वापरू नये असे माझे मत आहे. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा पेटवणाऱ्यांत शेजारच्या गल्लीतले ओळखीचे चेहरे होते. ते क्रौर्य मी विसरलेलो नाही. तरीही त्याला मी वंशसंहार म्हणणार नाही. पण रवांडातील शेजाऱ्यांविषयी वाचताना ते चेहरे आठवले नाहीत, असेही म्हणणार नाही.

रवांडा हा टेकड्यांचा देश आहे. पुणे व सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढे क्षेत्र होईल, जवळपास तेवढाच. १९९४ च्या सुमारास लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे आफ्रिकेतील अत्यंत दाट वस्ती. हुतू सुमारे ८५ टक्के, तुत्सी त्या खालोखाल आणि त्वा जेमतेम एक टक्का. तिघांची भाषा एकच, किन्यारवांडा. धर्म बहुतांशी एकच, कॅथलिक ख्रिस्ती. टेकडी एक, बाजार एक, आणि हुतू-तुत्सी विवाह सर्रास होत. मग भेद कोठला? पूर्वी तुत्सी हे मुख्यतः गुरे राखणारे आणि हुतू हे मुख्यतः शेती करणारे, राजा तुत्सी घराण्यातला. मात्र गुरे व प्रतिष्ठा मिळवलेला हुतू काळाच्या ओघात तुत्सी गणला जाऊ शकत असे. ती वाट अरुंद होती, पण होती.

म्हणून जुना रवांडा सुखाने नांदत होता असे मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजसत्तेने हुतूंवर वेठबिगार लादली होती आणि तिच्या आठवणी कडवट होत्या. त्वांविषयी तर कोणी लिहीतच नाही. जंगलातून हुसकले गेलेले, मडकी घडवून पोट भरणारे हे लोक. हुतू आणि तुत्सी दोघेही त्यांच्यासोबत जेवायला बसत नसत, त्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

युरोपियन आले आणि अरुंद वाट बंद झाली. आधी जर्मनी, नंतर १९१६ पासून बेल्जियम. स्पीक या इंग्रज प्रवाशाने १८६३ मध्ये एक कल्पना मांडली होती की, आफ्रिकेत जे काही राज्य वा संस्कृती दिसते ती उत्तरेकडून आलेल्या गोऱ्याच्या जवळच्या वंशाने आणली. त्या कल्पनेत तुत्सींना चपखल बसवण्यात आले : उंच, सरळ नाकाचे, जन्मजात राज्यकर्ते. हुतू : बुटके, बसक्या नाकाचे, जन्मजात कष्टकरी. मग नाके मोजली गेली, कवट्या मोजल्या गेल्या. बेल्जियमने हुतू प्रमुखांना काढून तुत्सी नेमले, चांगल्या शाळांत प्रामुख्याने तुत्सी प्रमुखांची मुले घेतली आणि १९३३-३४ च्या सुमारास शिरगणती करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असे लिहून टाकले. बापाचा शिक्का तोच मुलाचा शिक्का. समाजातील एक दर्जा, जो क्वचित का होईना बदलू शकत होता, तो आता जन्माने चिकटणारा वंश झाला.

नाक मोजण्याचा हा उद्योग आपल्याकडेही झाला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हीच मापे हाती घेतली आणि त्यांच्याच आधारे दाखवून दिले की, मोजमाप हे शास्त्र असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. शत्रूच्या मोजपट्टीने शत्रूचा सिद्धांत मोडण्याची ही रीत. रवांडात ती पट्टी कोणी अशी उलटी धरली नाही. उलट, हुतू नेत्यांनी सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारला. फक्त निष्कर्ष फिरवला. तुत्सी बाहेरून आलेला वंश आहे ना? मग तो परका. देश आमचा.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची गाठ येथे आहे. १९५९ मध्ये हुतूंचा उठाव झाला, त्यामागील दुःख खरे होते. पिढ्यान्‌पिढ्या वेठ भोगलेल्या माणसाने उठावे यात वावगे काहीच नाही. पण उठाव उतरंडीविरुद्ध न होता उतरंडीतल्या जागेसाठी झाला. ओळखपत्रावरचा शिक्का कोणी पुसला नाही. वरचा खाली आणि खालचा वर एवढीच अदलाबदल झाली. हजारो तुत्सी मारले गेले, लाखावर माणसे शेजारच्या देशांत पळाली. १ जुलै १९६२ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा नवे प्रजासत्ताक 'बहुसंख्य जनतेचे' म्हणून गौरवले गेले. बहुसंख्य म्हणजे कोण? जन्माने हुतू. राजकीय बहुमत घडवावे लागते आणि ते बदलू शकते. जमातीचे बहुमत जन्मजात असते आणि त्याचे दार बाहेरच्याला कधीच उघडत नाही, हा फरक बाबासाहेबांनी १९४५ पासून वारंवार मांडला. रवांडात हुतू बहुमतालाच लोकशाही म्हटले गेले आणि जगाने, अगदी मिशनऱ्यांनीही, ते कौतुकाने मान्य केले.

या राज्यात शाळेचे काय झाले, हे शिक्षक म्हणून मला सांगितलेच पाहिजे. १९७३ च्या आरंभी शाळा-महाविद्यालयांच्या दारांवर याद्या लागल्या आणि त्यांतील तुत्सी विद्यार्थ्यांना व शिक्षकांना हाकलून देण्यात आले. त्याच वर्षी जुव्हेनाल हाब्यारिमाना या सेनाधिकाऱ्याने सत्ता घेतली आणि माध्यमिक शाळांतील प्रवेशासाठी वंशवार कोटा आणला. काही जण याची तुलना आपल्या आरक्षणाशी करतात. ती सपशेल चुकीची आहे. आपले आरक्षण वंचितांना किमान वाटा मिळेल याची हमी देते. तेथील कोटा एका समूहाला यापलीकडे वाढू देणार नाही अशी कमाल मर्यादा घालत होता. वर्गात नोंदी करताना शिक्षक सांगत, "हुतू उभे राहा. आता तुत्सी उभे राहा." वाचलेल्या कितीतरी जणांनी हा प्रसंग सांगितला आहे. कित्येक लहान मुलांना तोवर आपण कोण हे ठाऊकही नसे. चुकीच्या वेळी उभे राहिले म्हणून ती मार खात आणि घरी जाऊन आईला विचारत.

मीही लहानपणी एका गावच्या शाळेत फीमाफीच्या यादीसाठी असा उभा राहिलो आहे. गुरुजी वाईट नव्हते, त्यांना फक्त तक्ता भरायचा होता. आज माझ्या हातात जनरल रजिस्टर असते आणि जातीचा रकाना मीच भरतो, कारण त्या रकान्याशिवाय माझ्या विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती मिळणार नाही. रकाना तोच असतो. तो हक्क देण्यासाठी आहे की माणूस वेगळा काढण्यासाठी, हे त्यामागची राज्यघटना ठरवते. रवांडात तशी घटना उभी नव्हती.

रकान्यातून कत्तल आपोआप निघत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जगात कॉफीचे भाव कोसळले आणि कॉफीवर जगणारा हा देश कंगाल झाला. जमिनीचे तुकडे इतके लहान झाले होते की तरुणाला लग्न करून स्वतंत्र बिऱ्हाड थाटणे अशक्य. १ ऑक्टोबर १९९० रोजी युगांडातून, जुन्या तुत्सी निर्वासितांच्या मुलांनी बांधलेल्या रवांडा देशभक्त आघाडीने हल्ला केला. आता प्रत्येक तुत्सी शेजारी हा शत्रूचा हस्तक ठरवणे सोपे झाले. त्या डिसेंबरात 'कांगुरा' या नियतकालिकाने हुतूंसाठी दहा आज्ञा छापल्या : तुत्सी स्त्रीशी विवाह करणारा गद्दार, तुत्सीशी धंद्यात भागी करणारा गद्दार, तुत्सींवर दया करू नका. जातिव्यवस्था ज्याने जवळून पाहिली आहे त्याला ही यादी ओळखीची वाटेल. विवाह आणि व्यवहार यांवरच पहिला पहारा बसतो.

४ ऑगस्ट १९९३ रोजी आरुशा येथे सत्तावाटपाचा करार झाला. जे सत्ता वाटून घ्यायला तयार नव्हते त्यांनी मात्र दुसरीच तयारी चालवली होती. जुलै १९९३ मध्ये आरटीएलएम हे नवे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. त्यावर झकास गाणी असत, पारावरच्या गप्पांसारखे विनोद असत आणि त्यामधून तुत्सींना 'इन्येन्झी' म्हणजे झुरळे म्हटले जाई. 'इंटराहाम्वे' नावाच्या टोळ्यांना शिक्षण दिले जात होते. जानेवारी १९९३ ते मार्च १९९४ या काळात पाच लाखांहून अधिक कोयते आयात झाले. शेतकरी देश, कोयते लागणारच, असे कोणीही म्हणू शकले असते.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री हाब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडले गेले. ते कोणी पाडले यावर आजही वाद आहे. पण काही तासांतच रस्त्यांवर नाकी उभी राहिली आणि याद्या घेऊन सैनिक घरोघर जाऊ लागले. पहिल्या दिवशी मारल्या गेलेल्यांत पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना होत्या. त्या स्वतः हुतू होत्या. मूळच्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका. शिक्षणमंत्री असताना त्यांनी शाळाप्रवेशातील वंशवार कोटा मोडून गुणवत्तेवर प्रवेश देण्याचा निर्णय घेतला होता. त्यांच्या रक्षणासाठी असलेले दहा बेल्जियन सैनिकही मारले गेले. वंशसंहार करणारे आधी आपल्यातील विवेकी माणसांना संपवतात. तशी माणसे उरली तर बाकीच्यांना 'नाही' म्हणता येते, ही त्यांची धास्ती असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. मारणारे कोठून आले? तबा नावाच्या तालुक्याची हकीकत पाहू. तेथील प्रशासक झाँ-पॉल अकायेसू हे पूर्वी शिक्षक होते, पुढे शाळा तपासनीस झाले. गावात मान होता. भांडणे मिटवायला लोक त्यांच्याकडे येत. ७ ते १८ एप्रिल या काळात त्यांनी तबात कत्तल होऊ दिली नाही. बाहेरून आलेल्या टोळ्यांना अडवले. १८ एप्रिलला अंतरिम सरकारने प्रशासकांची बैठक घेतली. त्या बैठकीनंतर हा माणूस बदलला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सभेत 'शत्रू' संपवण्याचे आवाहन केले. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात आश्रयाला आलेल्या स्त्रियांवर बलात्कार होत राहिले आणि ते पाहत राहिले. मारल्या गेलेल्यांत शिक्षकही होते. अकरा दिवस जो माणूस योग्य वागला, त्याला बाराव्या दिवशी पद गमावण्याची भीती मोठी वाटली. मी या प्रकरणाचा निकाल वाचताना अनेकदा थांबलो, कारण त्यात राक्षस कोठे भेटतो का ते मी शोधत होतो. मला भेटला तो वरिष्ठांच्या बैठकीहून परतलेला एक अधिकारी.

त्याच्याखाली शेतकरी होते. त्यांच्यातील काहींना झिंग होती, काहींना शेजाऱ्याचे रान, पत्रे आणि गाय हवी होती. पुष्कळांना भीती होती की नाक्यावर हजर राहिलो नाही तर आपणच फितूर ठरू. रवांडात दर आठवड्याला श्रमदानाची सक्तीची प्रथा होती. रस्ता, बांध, तण काढणे यांसाठी प्रमुखाने हाक दिली की घरटी एक पुरुष जाई. तीच हाक, तोच प्रमुख, तीच हजेरी कत्तलीसाठी वापरली गेली. मारण्याला 'काम' म्हणत. झुडपे साफ करणे, तण मुळासकट उपटणे, असे शब्द होते. सकाळी कामाला निघायचे, संध्याकाळी लूट वाटून घरी यायचे. शिवाय एकाने एक वार, दुसऱ्याने दुसरा, असे सर्वांचे हात रंगले की कोणाचाच हात दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा राहत नाही. मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. मारणारी माणसे कोठून आणावी लागली नाहीत. हजेरीपटावर त्यांची नावे आधीपासून होती.

सर्वांनी हाक ऐकली मात्र नाही. झुरा कारुहिंबी नावाच्या वृद्ध हुतू वैदू बाईने आपल्या लहानशा घरात शंभराहून अधिक जणांना लपवले. टोळी आली की ती अंगाला खाज सुटणारी वनस्पती घराला व हातांना चोळून ठेवी, बांगड्या-माळा खुळखुळवी आणि आत पाऊल टाकाल तर भुतांचा कोप होईल अशी धमकी देई. टोळीवाले घाबरून परतत. अंधश्रद्धेविरुद्ध वर्गात तीस वर्षे बोलत आलेल्या माझ्यासारख्याने या बाईपुढे हात जोडावेत, यात मला विसंगती वाटत नाही.

जगाने काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल डालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजीच शस्त्रसाठ्यांची खबर न्यूयॉर्कला कळवली होती. छापा घालण्यास परवानगी मिळाली नाही. कत्तल भरात असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा समितीने सुमारे अडीच हजारांचे हे दल २७० वर आणण्याचा ठराव केला. त्या वेळी समितीच्या टेबलाभोवती रवांडा सरकारचाही प्रतिनिधी सदस्य म्हणून बसत होता. अमेरिकी अधिकारी 'वंशसंहार' हा शब्द तोंडातून निघू नये यासाठी कसरत करीत होते. शब्द उच्चारला तर कराराप्रमाणे काहीतरी करावे लागले असते. किगालीजवळ किचुकिरो येथील तंत्रशाळेत बेल्जियन सैनिकांच्या आसऱ्याला सुमारे दोन हजार माणसे होती. ११ एप्रिलला सैनिकांना माघारीचा हुकूम आला. गाड्या फाटकातून बाहेर पडताना लोक त्यांच्यापुढे आडवे झाले. त्याच दिवशी त्या लोकांना हाकत एका टेकडीवर नेऊन मारण्यात आले. मुरांबीला अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या तंत्रशाळेत हजारो मारले गेले. न्यामाता आणि नतारामा येथे चर्चमध्ये. लोक शाळेकडे आणि चर्चकडे धावले, कारण १९५९ च्या दंगलीत तेथे जीव वाचला होता.

जुलैत देशभक्त आघाडीने देश जिंकला आणि कत्तल थांबली. माणसांच्या आयुष्यातील तिचे परिणाम थांबले नाहीत. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने किमान अडीच लाख मानली. त्यांतील कितीतरी जणींना एचआयव्हीची लागण झाली, आणि औषधे त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागली. बलात्कारातून जन्मलेली हजारो मुले वाढली. आईच्या सासर-माहेरी दोन्हीकडे ती नकोशी. बारा-तेरा वर्षांची मुलगी घरची कर्ती आणि तिच्या मागे तीन भावंडे, अशी बिऱ्हाडे टेकड्याटेकड्यांवर होती. विधवांना नवऱ्याच्या जमिनीवर हक्क नव्हता. मुलींना वारसा देणारा कायदा १९९९ मध्ये झाला.

अकायेसूच्या खटल्यात तबाच्या स्त्रियांनी न्यायालयासमोर येऊन साक्ष दिली. न्यायपीठावरील एकमेव स्त्री होत्या नवनीतम पिल्ले, दक्षिण आफ्रिकेतील तमिळ मजूर वंशाच्या न्यायाधीश. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी दिलेली पहिली शिक्षा घडली आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते हे कायद्यात प्रथमच ठरले. माजी शिक्षकाला जन्मठेप झाली.

परिणाम दुसऱ्या बाजूलाही आहेत. वीस लाखांच्या आसपास हुतू सीमेपार पळाले. त्यांत खुनी होते आणि निरपराध बायकामुलेही होती. गोमाच्या छावण्यांत कॉलऱ्याने हजारो मेले, तेथूनच काँगोतील न संपणारी युद्धे पेटली. देशभक्त आघाडीच्या सैनिकांनीही सूडाने माणसे मारली. त्याची चौकशी जवळजवळ झाली नाही. तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास आरोपी कोंबले गेले. अखेर 'गचाचा' ही गवतावर भरणारी गावन्यायालये पुनरुज्जीवित करण्यात आली. सुमारे बारा हजार न्यायालयांनी २०१२ पर्यंत लाखो खटले निकाली काढले. गावाच्या न्यायाविषयी बाबासाहेबांच्या अनुयायाने साशंक असावे हे स्वाभाविक आहे, आणि तेथेही खोट्या साक्षी, दडपण, जुने हेवेदावे आलेच. तरीही कित्येकींना आपल्या मुलाचे प्रेत कोणत्या खड्ड्यात आहे हे तेथेच प्रथम कळले. आज ओळखपत्रावर शिक्का नाही. मात्र 'फूट पाडणे' या आरोपाखाली सरकारच्या टीकाकारांनाही गप्प केले जाते, हेही नोंदवले पाहिजे. आणि एक गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाला हलवून सोडणारी : १९९४ नंतर कितीतरी वर्षे रवांडाच्या शाळांत देशाचा इतिहास शिकवणेच थांबवले होते, कारण जो इतिहास शिकवला गेला होता त्यानेच घात केला होता.

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत आणखी एक वाक्य लिहिणे जड जाते; पण ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१७ मध्ये बौद्ध बहुसंख्य असलेल्या म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले, आणि त्या देशावर वंशसंहाराचा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आहे. तेथे द्वेष पसरवणाऱ्यांत चीवरधारी होते. चीवर अंगावर असल्याने मैत्री मनात येतेच असे नाही.

मुलांना मी आता या विषयाची सुरुवात न्यांगेपासून करून देतो. पश्चिम रवांडातील हे गाव. तेथील माध्यमिक शाळा आपल्यासारखीच निवासी. १८ मार्च १९९७ ची रात्र, जेवणे झाली होती, मुले वर्गात अभ्यासाला बसली होती. सीमेपलीकडून आलेले हुतू बंडखोर बंदुका घेऊन वर्गात शिरले आणि म्हणाले, हुतू एका बाजूला व्हा, तुत्सी दुसऱ्या बाजूला. कत्तलीला जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्या मुलांतल्या काहींचे आईबाप मारले गेले असणार, काहींचे बाप तुरुंगात असणार. मुले जागची हलली नाहीत. आम्ही सारे रवांडाचे आहोत, असे त्यांनी सांगितले. पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. मग गोळ्या झाडल्या गेल्या, हातबाँब फेकले गेले. काही मुले मेली, काही जन्माची जायबंदी झाली. मारेकऱ्यांना हुतू मुले वेगळी काढता आली नाहीत, म्हणून मेलेल्यांत दोन्हीकडची होती. रवांडाने त्यांना राष्ट्रवीर ठरवले आहे.